आद्य चरित्रकार म्हाइंभट

सीताबर्डीहून रिद्धपूरच्या यात्रेस निघणाऱ्या भाविकांना श्रीगोविंदप्रभूंचे नाव परिचित असते. मात्र ज्या पंडिताच्या लेखणीमुळे त्या काळातील लीळा आजवर टिकल्या, त्या म्हाइंभटांचे जीवनही जाणून घेण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही त्यांची कर्मभूमी होय.

म्हाइंभट हे मूळचे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील सराळे गावचे. ते शास्त्रांचे व्यासंगी होते आणि विद्येचा त्यांना अभिमानही होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्याशी वाद करण्याच्या हेतूने ते डोमेग्राम येथे गेले. तेथे त्यांचा अभिमान गळाला व ते स्वामींचे शिष्य झाले.

स्वामींच्या प्रयाणानंतर शिष्यपरिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. त्यांचे बोलणे केवळ ऐकणाऱ्यांच्या स्मरणात होते आणि त्या व्यक्तींबरोबरच ते लोपण्याचे भय होते. हे ओळखून म्हाइंभटांनी लीळा लिहून ठेवण्याचे कार्य हाती घेतले. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे ते स्वतः जात. शेतात राबणाऱ्या माणसांकडूनही त्यांनी आठवणी मिळविल्या, असे परंपरा सांगते. नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या जात. इसवी सन १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. मराठीतील हा पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. पुढे त्यांनी श्रीगोविंदप्रभूंचेही चरित्र लिहिले.

त्या काळी ग्रंथलेखन हे कष्टाचे व्रत होते. काजळ व डिंक यांची शाई, बोरूची लेखणी, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेल्या सलग ओळी, आणि लेखन पूर्ण झाल्यावर पोथी कापडात बांधून ठेवणे, अशी जुन्या पोथ्यांची सर्वसाधारण रीत होती. प्रत्येक नवी प्रत हातानेच उतरवावी लागे. एक पोथी गेली, तर तिच्याबरोबर सारा ठेवाच जाण्याचा धोका असे.

तसा प्रसंग पुढे आलाच. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. तेव्हा हिराइसा आदी अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे ग्रंथाचे एकाहून अधिक पाठ निर्माण झाले. चौदाव्या शतकात ‘सकळ’ नावाची सांकेतिक लिपी प्रचारात आली आणि पंथाचे ग्रंथ तीत लिहिले जाऊ लागले. ग्रंथ सुरक्षित राहिले, परंतु बाहेरच्या वाचकांस ते शतकानुशतके अज्ञात राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आदी संशोधकांच्या परिश्रमाने या लिपीची उकल झाली. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागशः प्रसिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूर येथेच स्थापन झाले आहे.

रिद्धपुरी दर्शन घेताना भाविकांनी म्हाइंभटांचेही स्मरण करावे. घरात पूर्वजांची हस्तलिखित पोथी असल्यास ती ओलीपासून व कसरीपासून जपावी. ते जतन हीदेखील एक सेवाच होय.