दादासाहेब फाळके

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला सिनेमा आवडतो ना? मग दादासाहेबांची ओळख करून घ्या.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकू लागले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले.

चित्रपटाच्या ध्यासापायी रात्रंदिवस खपून त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. तरी ते थांबले नाहीत. विमा गहाण ठेवून ते लंडनला गेले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांनी ती केली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. १९४४ साली दादासाहेब वारले.

मुलांनो, आवडती कला तुम्हीही मन लावून शिका.