एका पंगतीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जैन घरात जन्मलेल्या माणसाचं चरित्र कशाला, असं कुणी विचारील. त्याला कारण आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. वर्गात त्यांना वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तसंच राहायचं. त्याच साताऱ्यात १९२४ साली एका माणसाने सगळ्या जातीची पोरं एका घरात आणली आणि एका पंगतीला जेवायला बसवली. ते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावचा. अंगाने धिप्पाड, स्वभावाने बंडखोर. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे बघून त्यांनी लहानपणी रहाटच मोडून टाकला, अशी त्यांची गोष्ट सांगतात. कोल्हापूरला ते जैन बोर्डिंगात शिकायला राहिले. १९०८ साली तिथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. बोर्डिंगात सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर, मग जेव. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं. पण आंघोळ काही केली नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या कार्याचा ठसा त्यांच्या मनावर उमटला तो कोल्हापुरातच.

पुढे ज्ञानदेव घोलप नावाचा महार समाजाचा मुलगा त्यांना दिसला. इतर मुलं वर्गात आणि हा बाहेर. भाऊरावांनी त्याला आपल्या घरी नेलं, जेवू घातलं आणि कोल्हापूरला त्याच मिस क्लार्क वसतिगृहात शिकायला ठेवलं. हेच घोलप पुढे बाबासाहेबांच्या 'मूकनायक' पाक्षिकाचे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलातही गेले. दाराबाहेरच्या एका पोराला आत घेतलं तर काय घडतं, ते यावरून कळावं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचं ते रोपटं. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन असा भेद नव्हता. स्वयंपाक पोरांनीच करायचा, पाणी त्यांनीच भरायचं, भांडी त्यांनीच घासायची. ज्याच्या हातची भाकरी रोज खाल्ली, त्याला मोठेपणी अस्पृश्य कसं म्हणणार? समतेचा धडा भाऊरावांनी पोरांना पाठ करायला लावला नाही, तो ताटात वाढला.

आणि ताट वाढणाऱ्या होत्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. त्या सोवळ्यात वाढलेल्या, पण बोर्डिंगातलं प्रत्येक पोर त्यांनी आपलं मानलं. पोरांच्या दाण्यापाण्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली ही माऊली वारली. आपल्या रमाईची आठवण व्हावी असंच हे जीवन.

१९३२ साली पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. १९३५ साली साताऱ्यात खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि मग जिथे शाळाच नाही अशा गावांत, वाड्यावस्त्यांवर ५७८ व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालवल्या. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. आपल्या शेजारी श्रीरामपूरचं बोरावके कॉलेज हे त्यांच्याच संस्थेचं.

आता आपल्याकडे बघू. शाळेत आता पोरं संविधानाची उद्देशिका म्हणतात, आनंदाची गोष्ट आहे. पण शाळेत खिचडी वाटताना कोण कुणाशेजारी बसतं, हे घरी कधी विचारतो का? उसाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची पोरं येतात, भिल्ल वस्तीवरची येतात. आपलं पोर त्यांना डब्यातला घास देतं, की नाक मुरडतं? ज्यांच्या बापाला गोणपाटावर बसवलं, त्यांनी दुसऱ्याला लांब बसवू नये.

म्हणून एक सूचना. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात मुलांची पंगत व्हावी. आसपासच्या सगळ्या समाजाच्या पोरांना बोलवावं. वाढायचं आणि भांडी घासायची कामं मुलामुलींनी सारखी वाटून घ्यावीत. कर्मवीरांना अभिवादन करायचं ते असं करावं.

नमो बुद्धाय! जय भीम!