कोशकार मोल्सवर्थ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच पारावर बसून चार इंग्रजी वाक्ये फेकली. तेव्हा आजोबांनी सर्वांदेखत सांगितले की, उगीच शेखी मिरवू नकोस. एवढा शिकलास तर शेखीला इंग्रजीत काय म्हणतात ते सांग. मला सांगता आले नाही. मान खाली घालून घरी आलो.

परभणीला परतताच ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. तो चाळताना प्रथमच जाणवले की, आपल्या मराठीत मोठेपणा मिरवण्याच्या किती तऱ्हा आहेत! बढाई तोंडाने मारतात, ऐट चालण्यात दिसते, तोरा न बोलताही कळतो आणि बडेजाव कर्ज काढूनही करतात. या सर्वांना इंग्रजीत एकच शब्द लावला तर निम्मा अर्थ सांडून जातो. हे सारे शब्द वेचणारा परका माणूस कोण, याची मला ओढ लागली.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. कंपनी सरकारच्या लष्करात नोकरीसाठी ते १८१२ साली हिंदुस्थानात आले, तेव्हा ते माझ्याहूनही लहान होते. इथे त्यांना मराठीची गोडी लागली. थॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू आणि अनेक मराठी शास्त्रीपंडित यांच्या साहाय्याने त्यांनी शब्द जमवले. प्रत्येक शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, हेही नोंदवले. १८३१ साली कोश प्रसिद्ध झाला. पुढे ते मायदेशी गेले. परंतु १८५१ साली पुन्हा येऊन त्यांनी तो वाढवला. सुमारे साठ हजार शब्दांची ही दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली.

शिपाईगिरी आपल्या धर्माशी जुळत नाही असे वाटून त्यांनी लष्कर सोडले आणि निवृत्तिवेतनही घेतले नाही. फुशारकीचे इतके शब्द ठाऊक असलेल्या या माणसाने स्वतः मात्र फुशारकी मारली नाही. जन्मभर तो दुसऱ्यांना विचारत राहिला.

होळीला पुन्हा गावी गेलो. या खेपेला इंग्रजी बोललो नाही. वही घेऊन आजोबांपुढे बसलो आणि त्यांचे शब्द विचारू लागलो. पहिल्याच संध्याकाळी दोन पाने भरली.