ग्रीकांचं फडताळ बदलून टाकणारा आचारी: कोण होते निकोलाओस त्सेलेमेन्तेस?

मराठी घरात एखादा पदार्थ अडला की आधी रुचिरा उघडलं जातं. १९७० मध्ये आलेलं कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक आता घरातल्या जाणत्या बाईसारखंच झालंय. ग्रीसमध्ये मामला आणखी एक पाऊल पुढे गेला. तिथं पाककृतींच्या पुस्तकाला चक्क एका माणसाचं आडनाव पडलं. त्सेलेमेन्तेस म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक. आणि कुणाच्या हाताला चव असेल, तर तोही त्सेलेमेन्तेस.

गंमत अशी की ग्रीक जेवण बिघडवल्याचा आरोपही याच माणसावर होतो. त्यामुळे तुम्ही घरी ग्रीक पदार्थ करायचे म्हणून सामान भरायला निघालात, तर पहिला प्रश्न हाच येतो की ग्रीक म्हणजे नेमकं कुठलं? यांच्या आधीचं की नंतरचं?

हा प्रश्न चंदगडकरांना लगेच कळेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या या टोकाच्या तालुक्याला एकीकडे कोकण, एकीकडे बेळगाव आणि पलीकडे गोवा. इथल्या बोलीत मराठी, कोकणी, कन्नड तिन्ही मिसळलेल्या. जेवणातही तेच. भात, नाचणीची भाकरी, आमसूल, सुकी मासळी असं सगळं एकाच घरात सापडतं. उद्या कुणी सांगितलं की यातलं शेजाऱ्यांकडून आलेलं काढून टाका आणि फक्त शुद्ध तेवढं ठेवा, तर ताटात काय उरेल?

त्सेलेमेन्तेस यांनी ग्रीसमध्ये साधारण हेच करायचा प्रयत्न केला.

१८७८ साली जन्मलेले निकोलाओस हे एजियन समुद्रातल्या सिफनोस या छोट्या बेटावरचे. हे बेट दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, मातीची भांडी आणि छोले. तिथली पद्धत अशी की शनिवारी संध्याकाळी भिजवलेले काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल आणि तमालपत्र मातीच्या भांड्यात घालायचं आणि भांडं लाकडाच्या भट्टीत ठेवून द्यायचं. रात्रभर मंद आचेवर शिजलेले हे चणे रविवारी चर्चमधून आल्यावर लिंबू पिळून खायचे. मसाला जवळपास नाहीच.

निकोलाओस वाढले मात्र अथेन्समध्ये. सुरुवातीला त्यांनी कारकुनी केली. घरच्यांची खानावळ होती, तिथं ते स्वयंपाकात शिरले आणि मग शिकायला व्हिएन्नाला गेले. त्या काळी युरोपातल्या बड्या हॉटेलांत फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकाचा दबदबा होता. परत आल्यावर अथेन्समधल्या परदेशी वकिलातींत त्यांनी काम केलं. १९१० मध्ये त्यांनी स्वयंपाकाचं मासिक सुरू केलं. त्यात पाककृती होत्या, आहाराचा सल्ला होता आणि परदेशी पदार्थांची माहितीही होती.

१९२० मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये काम करता करता आहारशास्त्रही शिकले. १९३२ मध्ये परतल्यावर अथेन्समध्ये छोटी पाकशाळा काढली. त्यांचं जाडजूड पुस्तक घराघरांत गेलं आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या पंधराहून जास्त आवृत्त्या निघाल्या.

आता या पुस्तकात एवढं काय होतं?

त्यासाठी तेव्हाचा ग्रीस बघावा लागेल. शेकडो वर्षांच्या ऑटोमन राजवटीतून बाहेर पडलेला हा देश स्वतःला युरोपियन म्हणवून घ्यायला धडपडत होता. १९२२ च्या युद्धातल्या पराभवानंतर आजच्या तुर्कस्तानातून दहा लाखांहून जास्त निर्वासित ग्रीसमध्ये आले. येताना त्यांनी आपली चवही आणली. जिरं, दालचिनी, मसालेदार कोफ्ते अशी सगळी. अथेन्समधल्या नव्या मध्यमवर्गाला मात्र हे पूर्वेकडचं, मागासलेलं वाटायचं.

त्सेलेमेन्तेस यांचं म्हणणं असं की मूळ प्राचीन ग्रीक पाककला साधी आणि सोज्वळ होती, युरोपने ती ग्रीकांकडूनच उचलली आणि पुढे तुर्की वळणाने ग्रीसमध्ये ती बिघडली. म्हणून त्यांनी मसाले आणि ऑलिव्ह तेल कमी केलं, लोणी आणि दूध वाढवलं. मुसाका या वांग्याच्या आणि खिम्याच्या थरांच्या पदार्थावर आज जो पांढऱ्या सॉसचा जाड थर दिसतो, त्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. लोणी, मैदा आणि दुधाचा हा बेशामेल सॉस फ्रेंच पद्धतीचा. जगभरच्या ग्रीक हॉटेलांत हाच मुसाका अस्सल ग्रीक म्हणून खाल्ला जातो!

यातली खरी मेख म्हणजे शुद्ध असं काही नव्हतंच. मुसाक्यातला टोमॅटो अमेरिका खंडातून आला, कित्येक घरांत त्यात घातला जाणारा बटाटाही तिथलाच. चंदगडची आज ओळख झालेला काजू तरी कुठला? तोही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला.

१९५० मध्ये त्सेलेमेन्तेस यांचं ग्रीक स्वयंपाकावरचं इंग्रजी पुस्तक आलं. मार्च १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं. आणि नेमकं त्याच वर्षी अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांचा सात देशांमधल्या हृदयविकारावरचा अभ्यास सुरू झाला. त्यात ग्रीसचं क्रीट बेटही होतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या ताटात भरपूर ऑलिव्ह तेल, कडधान्यं, पाव, रानभाज्या आणि अगदी थोडं मांस असायचं. हृदयविकाराचं प्रमाण तिथं फारच कमी निघालं. ज्या तेलाला त्सेलेमेन्तेस यांनी मागं सारलं, त्याचंच कौतुक पुढे जगभर झालं.

आपल्याकडे नाचणीचं वेगळं काय झालं? गरिबाची भाकरी म्हणून ती ताटातून बाजूला सरली. मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटात परत आली.

मग चंदगडच्या घरात ग्रीक फडताळ भरायचं कसं? सिफनोसच्या भट्टीतलं भांडं डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे सोपं जाईल.

काबुली चणे, अख्खा मसूर, लिंबू, मध, कांदा, लसूण आणि टोमॅटो आपल्या वाण्याकडे आणि बाजारात मिळतातच. घट्ट ग्रीक दही म्हणजे जवळपास आपला चक्काच. दही फडक्यात बांधून टांगलं की काम झालं, फक्त श्रीखंडासारखी साखर घालायची नाही.

बाहेरून आणायच्या वस्तू मोजक्याच. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि वाळवलेला ओरेगॅनो एवढ्या दोन घेतल्या तरी सुरुवात होते. खारवलेले ऑलिव्ह आणि फेटा चीज नंतर घ्या. फेटा मेंढीच्या दुधाचं असतं, त्यात थोडं शेळीचं दूध चालतं. आपलं पनीर त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण फेटा मिठाच्या पाण्यात मुरलेलं आणि आंबट असतं.

तमालपत्राच्या बाबतीत मात्र फसू नका. ग्रीक तमालपत्र वेगळ्या झाडाचं असतं. आपल्या पानाला लांबीभर तीन ठळक शिरा असतात आणि दालचिनीसारखा वास येतो. त्यांच्या पानाला मधोमध एकच ठळक शीर असते. आपलं वापरायचं तर अर्धंच पान टाका.

तेल गडद बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. ओरेगॅनोला घट्ट झाकणाची काचेची बरणी हवीच. चंदगडच्या पावसाळ्यात उघडं पाकीट दमट व्हायला वेळ लागत नाही.

बेशामेलचा मुसाका करायचा असेल तर मैदा, लोणी आणि दूध घरात आहेच. खुशाल करा, तोही आता ग्रीकच आहे. इतक्या वर्षांत लाखो घरांनी तो आपला मानलाय.

त्सेलेमेन्तेस यांच्या सिफनोस बेटावर त्यांच्या नावाने खाद्यमहोत्सव भरतो. आणि ज्या छोल्यांसाठी बेट ओळखलं जातं, ते आजही मातीच्या भांड्यात, ऑलिव्ह तेलातच शिजतात. लोणी घालून नाही.