विश्लेषण : बीथोव्हेन यांच्या केसांत इतके शिसे आले कुठून?

पाश्चात्त्य संगीतातील थोर रचनाकार लुडविग व्हान बीथोव्हेन यांचे २६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्नात निधन झाले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. आपल्याला नेमके काय झाले होते, हे मृत्यूनंतर तरी जगाला कळावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या उत्तराचा एक भाग जवळपास दोनशे वर्षांनी त्यांच्या केसांतून मिळाला.

आजारपण कसे वाढत गेले?

बीथोव्हेन यांचा जन्म १७७० मध्ये जर्मनीतील बॉन शहरात झाला. १७९२ मध्ये ते व्हिएन्नाला आले. तिशीपूर्वीच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. पोटदुखी आणि जुलाब तर कायमचेच मागे लागले. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट येथे त्यांनी भावांच्या नावे पत्र लिहिले. डॉक्टर हयात असल्यास त्यांनी आपल्या मृत्यूनंतर या आजाराचे वर्णन लिहावे, अशी विनंती त्यात होती. हे पत्र त्यांच्या निधनानंतर सापडले.

१८२१ मध्ये त्यांना कावीळ झाली. मे १८२४ मध्ये नववी सिम्फनी प्रथम सादर झाली, तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. अखेरच्या आजारात जलोदर झाला आणि पोटातील पाणी चार वेळा काढावे लागले. शवविच्छेदनात यकृत आक्रसलेले व गाठाळ आढळले.

केसांतून काय कळले?

त्या काळच्या प्रथेप्रमाणे चाहत्यांनी आठवण म्हणून त्यांच्या केसांच्या बटा जपल्या. यातील एका प्रसिद्ध बटेत २००० च्या सुमारास भरपूर शिसे आढळले आणि शिशाच्या विषबाधेची चर्चा जगभर झाली. मात्र, २०२३ मध्ये डीएनए तपासणीत ती बट एका स्त्रीची निघाली! त्याच अभ्यासात इतर पाच बटा बीथोव्हेन यांच्याच असल्याचे ठरले. यकृताच्या आजाराचा आनुवंशिक धोका आणि ‘हिपॅटायटिस बी’चा संसर्गही त्यातून समोर आला.

२०२४ मध्ये यांपैकी दोन बटांची तपासणी झाली. एक ग्रॅम केसांत २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. सर्वसाधारणपणे हे प्रमाण ४ मायक्रोग्रॅमपर्यंत असते. आर्सेनिक आणि पाराही जास्त होता.

हे शिसे आले कुठून?

नक्की स्रोत सांगता येत नाही, पण संशय वाइनवर आहे. बीथोव्हेन यांना वाइन प्रिय होती. स्वस्त वाइनचा आंबटपणा घालवण्यासाठी त्या काळी तिच्यात शिशाचा गोडसर क्षार मिसळत. शिशाची भांडी आणि तत्कालीन औषधे, हेही संभाव्य मार्ग होते.

शरीरात शिसे काय करते?

शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते. त्यामुळे ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते. मूत्रपिंडे कमकुवत झाली की युरिक ॲसिड नीट बाहेर पडत नाही आणि गाऊट हा सांध्यांचा आजार होऊ शकतो. रक्तदाब वाढतो, रक्त तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा येतो, मज्जातंतूंना इजा होते.

मग मृत्यू शिशामुळेच झाला का?

तसे म्हणता येत नाही. केवळ शिशाने मृत्यू ओढवावा, इतके हे प्रमाण नव्हते, असे संशोधकांचे मत आहे. यकृताचा आजार अनेक कारणांनी बळावला असावा. बहिरेपणा आणि पोटाच्या तक्रारींत मात्र शिशाचा हातभार असू शकतो.

आज याचे महत्त्व काय?

शिसे आजही जुने रंग, बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्वापर आणि भेसळीची हळद यांतून शरीरात जाते. त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. बीथोव्हेन यांच्या डॉक्टरांकडे ते शोधण्याचे साधन नव्हते. आज रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते.