पंधराव्या वर्षी लिहिलेला कोड

विरार लोकलमध्ये कोडिंगचे व्हिडिओ बघत कॉलेज गाठणाऱ्या दोस्तांनो, लुई ब्रेल हा आपल्याच लाइनीतला माणूस!

४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कुव्रे गावात त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत होता, तेव्हा आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला. तिथे पुस्तकं होती, पण नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवलेली. जाडजूड आणि मोजकीच. एकेक अक्षर चाचपडत वाचायचं, लिहिणं तर जवळपास अशक्यच. डोळसांनी आपल्या सोयीनं शोधलेला तो उपाय होता.

मग शार्ल बार्बिए या लष्करातल्या माणसाची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावायचेच नाहीत. लुईनं ते सहावर आणले. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी! ठिपका आहे किंवा नाही, एवढ्यावर ६४ जुळण्या. म्हणजे आपलं शून्य-एकच की!

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. पण १८४०च्या सुमारास नव्या संचालकांनी ही लिपी बंद केली. मुलं ऐकतात कसली? ती चोरून लिहीतच राहिली. अखेर बंदी उठली. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयानं लुई गेला, वय ४३. शाळेनं लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल आली, त्यात मराठीही बसली. आज लिनक्सवरच्या ब्रेल नोटटेकरसाठी अ‍ॅप लिहिताना मजकुराचं ब्रेल करायला ‘लिबलुई’ ही मोफत, खुली लायब्ररी हाताशी आहे. नाव लुईचंच. तिच्यात मराठीचे नियमही आहेत. ती सुरू करणारे जॉन बॉयर स्वतः अंध आणि बहिरे होते.

तुम्ही असं अ‍ॅप करणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात ते वापरणाऱ्याच्या बोटाखाली ठेवून बघा. बार्बिएची लिपी नेमकी तिथेच अडली होती.