बेचाळिसाव्या वर्षी नवा खेळाडू



आम्ही पालक मंडळी क्रिकेटवर वाढलो. पिचर म्हणजे काय हे आम्हाला तुमच्यामुळे कळले. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता, फलंदाजाला चकवून चेंडू टाकायचा! या कामात सॅचेल पेज यांचा हात धरणारे फार थोडे झाले. आज त्यांची ओळख करून घेऊ.

लिरॉय पेज यांचा जन्म 7 जुलै 1906 रोजी अलाबामातील मोबील येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणी ते रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलत. त्यावरून ‘सॅचेल’, म्हणजे पिशवी, हे नाव पडले असे सांगतात. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीमुळे त्यांची रवानगी सुधारगृहात झाली. पिचिंगचे धडे त्यांना तिथेच मिळाले.

1926 साली ते व्यावसायिक खेळाडू झाले. पण मेजर लीगचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. त्यांच्यासाठी वेगळ्या ‘निग्रो लीग’ होत्या. पेज तिथे खेळले, शिवाय गावोगावी फिरून सामने खेळले. च्युइंग गमचा कागद जमिनीवर ठेवून ते नेमका त्याच्यावरून चेंडू टाकत, असे म्हणतात.

1947 साली जॅकी रॉबिन्सन यांच्यामुळे दार उघडले. पुढच्याच वर्षी, 42 व्या वाढदिवशी, क्लीव्हलँडने पेज यांना घेतले. त्या मोसमात त्यांनी 6 सामने जिंकले, फक्त 1 हरला, आणि संघाने वर्ल्ड सीरीज जिंकली. 1965 मध्ये, 59 व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून ते तीन इनिंग खेळले. एकही धाव दिली नाही!

एवढे करूनही पेन्शनसाठी त्यांची सेवा कमी भरत होती. 1968 मध्ये अटलांटाच्या संघाने त्यांना नोकरीत घेऊन ती पुरी करून दिली. 1971 मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना आधी वेगळ्या दालनात बसवायचे ठरले होते. लोकांनी टीका केल्यावर त्यांना बरोबरीचा मान मिळाला. 8 जून 1982 रोजी त्यांचे निधन झाले. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळायला मात्र 2020 साल उजाडले.

बंद दाराबाहेरची 22 वर्षे त्यांना कोणी परत देऊ शकले नाही. पण दार उघडले तेव्हा त्यांचा हात तयार होता, कारण त्या 22 वर्षांत त्यांनी चेंडू खाली ठेवला नव्हता. मित्रांनो, सराव करताना हे आठवा. आणि आपल्या खेळात कुणाला बाहेर ठेवताना तर नक्कीच आठवा.